बर्फात फोर-बाय-फोर नेताय? टायरच्या या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या थार आणि जिम्नी मनालीच्या वाटेला लागतात. वर कॅरियर, पुढे अडकलेली गाडी ओढायची विंच, टपावर दिव्यांची पट्टी, आणि खाली चाळीस हजार किलोमीटर घासलेले कंपनीचे टायर. खर्च सगळा दिसणाऱ्या वस्तूंवर. त्यात बर्फ पडू लागला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे बहुतेक वेळा फक्त फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशाच गाड्या सोडतात, म्हणून चालकाला वाटतं, आपली गाडी बर्फासाठीच बनली आहे.

चार चाकं ओढतात, म्हणजे गाडी थांबेलही

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. फोर-बाय-फोर गाडीला पुढे ढकलते, एवढंच. ब्रेक अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबणं टायरच्या पकडीवर ठरतं, आणि तिथे थार नि अल्टो एकाच पंगतीत बसतात. उलट थार जड.

आकडेच बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने, सपाटीवर, ब्रेक दाबल्यापासून कोरड्या डांबरावर साधारण ९ मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तीसेक मीटर. काचेसारख्या गोठलेल्या थरावर साठीच्या पुढे. आता यात उतार मिसळा. निसरड्या बर्फावर पकड कोरड्या रस्त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते, आणि दहा टक्क्यांच्या उतारावर ती गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढीच उरते. म्हणजे चाकं लॉक केली तरी गाडी थांबत नाही, त्याच वेगाने खाली जात राहते.

अटल बोगद्याच्या वाटेवर सोलंग ते धुंदी या टप्प्यात होतं ते नेमकं हेच. सकाळी ताजा, भुसभुशीत बर्फ असतो, ४एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) गाडी मजेत चढते. दिवसभर शेकडो गाड्या तोच बर्फ दाबून गुळगुळीत करतात, दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो आणि सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी पुन्हा गोठतं. सकाळी चढलेला रस्ता चार वाजता उतरताना तो रस्ताच राहिलेला नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या, आणि घसरत्या गाडीतून उड्या टाकणारे चालक सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिले. चढताना वाढलेला आत्मविश्वास उतरताना असा फिटतो.

उतार लागण्याआधी, सपाटीवर थांबून ४एल (चारही चाकं, वेग कमी, ताकद जास्त) टाका. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवरून काढून, माणूस चालतो त्या वेगाने उतरा. पुढची गाडी वळण पार करेपर्यंत मागेच थांबा. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या.

‘एम अँड एस’ वाचून खूश होणं

टायरच्या बाजूवर एम आणि एस ही अक्षरं दिसली की विक्रेता ‘स्नो टायर आहे साहेब’ म्हणून मोकळा होतो. ही अक्षरं म्हणजे चिखल आणि बर्फ. पण त्यांच्यासाठी कुठलीही चाचणी द्यावी लागत नाही, नक्षीची ठेवण तशी असली की पुरे. बघायची ती खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ती मिळवायला टायरला बर्फावरच्या चाचणीत ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा सरस ठरावं लागतं. मात्र ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे, गोठलेल्या पाण्यावरची नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता ‘एम अँड एस’ हिवाळी टायर म्हणून चालत नाही. तिथे जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या मंडळींनीही हीच खूण शोधावी.

एकाच नावाच्या टायरला एका आकारात ही खूण असते आणि दुसऱ्यात नसते. म्हणून वेबसाइटवरचा फोटो पुरावा धरू नका. दुकानात टायर उभा करून बोट फिरवा, मगच पैसे द्या.

एमटी टायर म्हणजे सगळ्यावर उपाय

सह्याद्रीच्या पावसाळी चिखलात एमटीला (मड-टरेन, खास चिखलाचा टायर) तोड नाही, त्यामुळे आपल्याकडच्या ऑफरोडवाल्यांना तोच टायर हिमालयातही हवा असतो. चिखलात त्याचे मोठे ठोकळे माती फेकत खालची घट्ट जमीन गाठतात. दाबलेल्या बर्फात गाठायला खाली काही नसतं. तिथे पकड देतात ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा आणि थंडीतही मऊ राहणारं रबर. एमटीत बहुधा दोन्ही नसतं. दिसायला रांगडा, बर्फावर लाकडी ठोकळा.

मग पूर्ण हिवाळी टायर घ्यावेत का? पुण्याहून आठ दिवसांसाठी जाणाऱ्याने नकोच. तापमान ७ अंशांच्या वर गेलं की ते मऊ रबर भराभर झिजतं, आणि महाराष्ट्र ते मनाली जवळजवळ सगळा रस्ता त्याहून गरम. डोंगर-हिमकण खूण असलेले एटी (ऑल-टरेन, सगळ्या रस्त्यांचे टायर) आणि सोबत टायरवर चढवायची बर्फाची चेन, हाच व्यवहार. तेवढाही खर्च नको असेल तर गाडी मनालीत लावा आणि स्थानिक चालकाची फोर-बाय-फोर करा. यात कमीपणा काही नाही.

निघतानाच जास्तीची हवा

‘थंडीत हवा कमी होते, पुण्यातच पाच-सहा जास्त मारून घे’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त घातक. पुण्यात ३० अंशांना ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर उणे ८ अंशांत थंडीने सुमारे ६ पीएसआय गमावतो. पण अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू तीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेजवर (दाबमापकावर) ३ ते ४ पीएसआय परत येतात. निव्वळ फरक दोनेक पीएसआय. सहा जास्तीचे भरून गेलात तर टायर मधोमध फुगून निसरड्या रस्त्यावर टेकतो.

मुक्कामी रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने बघा आणि दारावरच्या स्टिकरइतकी ठेवा. भुसभुशीत खोल बर्फात २० ते २२ पर्यंत उतरवायला हरकत नाही, पण सोबत कॉम्प्रेसर असेल तरच. कुणी बारा-पंधरापर्यंत उतरवायला सांगितलं तर ऐकू नका, वळणावर टायर रिममधून निसटतो.

चेन पिशवीतच

चेन विकत घेऊन तिचं सील न तोडता मनालीला पोचणारे निम्मे तरी असतील. उणे पाचमध्ये, रस्त्यावर गुडघे टेकून, पहिल्यांदाच चेन लावायची नसते. घरच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून दोनदा लावा: आधी आतला हुक, मग बाहेरचा, मग ताण. पन्नास-साठ मीटर चालवून पुन्हा आवळा, पहिल्यांदा ती हमखास ढिली पडते. वेग ताशी ३० च्या आत. एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा; खरं तर चारही चाकांना हवी. फक्त पुढे लावली तर उतारावर मागची बाजू फिरते, फक्त मागे लावली तर स्टिअरिंग ऐकत नाही.

अटल बोगद्यात शिरण्याआधी चेन काढा. आत ९ किलोमीटर बर्फाविना रस्ता आहे. चेन तुटून चाकाच्या कमानीवर आपटते. थार-जिम्नीवाल्यांनी तिथे २एचमध्येही (फक्त दोन चाकांवर) यावं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला) विनाकारण पीळ बसतो.

उरलेल्या, थोडक्यात:

रुंद टायर बसवू नका. ताज्या बर्फावर तो तरंगतो आणि चेनला जागा उरत नाही.

दोनच नवे टायर टाकू नका. चारही एकसारखे, स्टेपनीसकट.

कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी चालते, बर्फाला ४ च्या खाली चालत नाही.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५वा आठवडा. सहा वर्षं उलटलेलं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं.

आणि गाडी खरंच फोर-बाय-फोर आहे ना, तेही बघून घ्या. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि बाहेरून दोघी बहिणी सारख्याच दिसतात. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा नसेल, तर वरच्यातलं ४एच-४एल तुमच्यासाठी नाही.