आधी मालाचा तक्ता, मग सॉफ्टवेअर: आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत कस्टम्सची माहिती बिनचूक कशी ठेवावी

माल बंदरात अडकतो, पण चूक बहुतेक वेळा बंदरात झालेली नसते. काही आठवड्यांपूर्वी कुणीतरी ऑर्डरच्या फाइलमध्ये वर्णन म्हणून नुसते 'पार्ट्स' लिहिलेले असते, वजनात पॅलेट (खोकी रचायचे फळे) धरलेले नसतात किंवा एचएस कोडच्या, म्हणजे वस्तू ओळखायच्या कस्टम्सच्या क्रमांकाच्या, सुरुवातीचे शून्य गळून गेलेले असते. कस्टम्सचे सॉफ्टवेअर ही चूक दुरुस्त करत नाही. ते ती इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि कस्टम्सचे घोषणापत्र अशा चारही ठिकाणी पोहोचवते. म्हणून साधन विकत घेण्याआधी मालाचा मुख्य तक्ता नीट करा. त्यात गेलेला वेळ पुढे प्रत्येक खेपेला वसूल होतो.

पुढचे सगळे एकाच उदाहरणावर समजून घेऊ: स्टीलच्या १०,००० पाण्याच्या बाटल्या, एका खोक्यात २५, म्हणजे ४०० खोकी, १० पॅलेट, एक वीस फुटी कंटेनर.

मुख्य तक्ता आणि एचएस कोड

तक्त्यात प्रत्येक वस्तूला एकच ओळ द्या. त्या ओळीत हे रकाने हवेत: तुमचा वस्तू क्रमांक, पूर्ण वर्णन, कशाची बनली आहे ते टक्केवारीसह, वापर, एका नगाचे निव्वळ वजन, मूळ देश, सहा अंकी एचएस कोड, ज्या ज्या देशात माल जातो तिथला पूर्ण कोड, लागणारे परवाने, आणि शेवटी कोड कुणी, कधी, कोणत्या कारणाने ठरवला. हा शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. तीन वर्षांनी तपासणी आली आणि कोड ठरवणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर उत्तर द्यायला तेवढाच आधार उरतो.

जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस पद्धत १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा अंक जगभर समान आहेत, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. त्यामुळे पुरवठादाराने दिलेला आठ किंवा दहा अंकी कोड जसाच्या तसा उचलू नका. सहा अंक तपासून घ्या आणि उरलेले आयात करणाऱ्या देशाच्या दरपत्रकातून काढा.

आता बाटली घ्या. ती एकपदरी स्टीलची असेल तर ती घरगुती वापराची स्टीलची वस्तू ठरते आणि शीर्षक (कोडचे पहिले चार अंक) ७३२३ मध्ये जाते. दोन भिंतींच्या मध्ये निर्वात पोकळी असेल तर ती व्हॅक्यूम फ्लास्क होते आणि शीर्षक ९६१७ मध्ये जाते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, विक्रीच्या वर्णनातही दोन्ही 'स्टेनलेस स्टील बॉटल' असतात. प्रकरण (कोडचे पहिले दोन अंक) बदलते, शुल्काचा दर बदलू शकतो आणि मागच्या सगळ्या खेपांचा फरक एकदम मागितला जाऊ शकतो. म्हणून तक्त्यात 'भिंत: एकपदरी की निर्वात' असा रकाना हवाच. प्रत्येक मालाचा असा एखादा निर्णायक गुण असतो. कपड्यांत विणकामाचा प्रकार पाहावा लागतो, कारण निटेड कपडे प्रकरण ६१ मध्ये आणि विव्हन ६२ मध्ये जातात. मिश्र धाग्यात कोणता धागा वजनाने जास्त आहे ते पाहावे लागते. तुमच्या मालाचा निर्णायक गुण शोधा आणि त्याला वेगळा रकाना द्या.

कोड सुचवणारी स्वयंचलित साधने आता भरपूर आहेत. त्यांचा उपयोग संभाव्य तीन-चार कोड समोर आणण्यापुरता करा. निवड मात्र विभागाच्या आणि प्रकरणाच्या टिपा व अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम वाचूनच करा. शंका राहिलीच तर आयात देशाच्या कस्टम्सकडून लेखी अग्रिम निर्णय (माल येण्याआधीच कोड कोणता ते सांगणारा) मागा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये लागू झाला, त्यात ही सोय आहे. अर्जाला वेळ लागतो, तेव्हा पहिली ऑर्डर निघण्याच्या बऱ्याच आधी तो द्या.

स्प्रेडशीटच्या खोड्या

हा भाग किरकोळ वाटतो, पण कस्टम्सला पाठवलेले संदेश नाकारले जाण्याची कारणे बऱ्याचदा इथेच सापडतात. कॉफीचे शीर्षक ०९०१ आहे. स्प्रेडशीट त्याला संख्या समजते आणि ९०१ करून टाकते. प्रकरण ०१ ते ०९ मधल्या सगळ्या मालाचे असे होते. उपाय एकच: फाइल उघडल्यावर नव्हे, तर स्प्रेडशीटमध्ये माहिती आत घेताना (इम्पोर्ट) तो रकाना 'मजकूर' म्हणून निवडा. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइलवर दोनदा क्लिक करून उघडली आणि जतन केली, की शून्य कायमचे गेले. लांब क्रमांकांचेही तसेच. त्यांचे शेवटचे अंक शून्य होतात आणि मूळ क्रमांक परत मिळत नाही.

दशांशचिन्हाकडे लक्ष द्या. १.२५० म्हणजे काही देशांत सव्वा, तर काही देशांत साडेबाराशे. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, कारण ०३/०४ चा अर्थ एका देशात ३ एप्रिल, तर दुसऱ्यात ४ मार्च होतो. देश, चलन, बंदर आणि मोजमापाचे एकक हाताने टाइप करू देऊ नका. प्रमाणित कोडची यादी लावून निवडायलाच भाग पाडा.

कंटेनर क्रमांक आपणच तपासता येतो. त्यात चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक तपासणी अंक असतो. ए ची किंमत १०, पुढे प्रत्येक अक्षराला एक जास्त, पण ११, २२, ३३ हे आकडे वगळायचे. त्यामुळे बी १२ होतो आणि झेड ३८. मग पहिल्या दहा स्थानांना क्रमाने १, २, ४, ८ असे दुप्पट होत ५१२ पर्यंतचे गुणक लावायचे, बेरीज करायची आणि ११ ने भागून बाकी काढायची. सी एस क्यू यू ३०५४३८ या क्रमांकात बेरीज ६१८५ येते, बाकी ३. म्हणून पूर्ण क्रमांकाच्या शेवटी ३ हवा. बाकी १० आली तर तपासणी अंक ० धरतात. हवाई मालाच्या एअर वेबिलमध्ये (विमान कंपनीच्या मालपत्राच्या क्रमांकात) हे आणखी सोपे आहे. विमान कंपनीचे तीन अंक सोडून पुढच्या सात अंकांना ७ ने भागा, बाकी हाच आठवा अंक. १२३४५६७ ला बाकी ५ उरते. हे दोन्ही नियम तक्त्यात सूत्र म्हणून बसवा. अंकांची अदलाबदल जिथे टाइप होते तिथेच सापडेल.

मूल्य

बाटली ४ डॉलरची, म्हणजे इनव्हॉइस ४०,००० डॉलरचे. पण कस्टम्सचे मूल्य तेवढेच असेल असे नाही. बाटलीचा साचा खरेदीदाराने २०,००० डॉलर खर्चून कारखान्याला फुकट दिला असेल, तर तो खर्च मूल्यात मिळवावा लागतो. साच्यातून एकूण १,००,००० बाटल्या निघायच्या असतील तर प्रत्येक बाटलीवर ०.२० डॉलर येतात, म्हणजे या खेपेचे मूल्य ४२,००० होते. सगळा खर्च पहिल्याच खेपेत दाखवण्याचीही मुभा असते. जी पद्धत घ्याल ती लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच चालवा. रॉयल्टी, विक्रीवरचे कमिशन आणि पॅकिंगचा खर्च यांचेही असेच आहे. हे आकडे खरेदी विभागाला माहीतच नसतात, ते डिझाइनच्या किंवा लेखा विभागाच्या फाइलमध्ये पडून असतात. दर तिमाहीला लेखा विभागाकडून परदेशी पुरवठादारांना गेलेल्या सगळ्या रकमांची यादी मागवा आणि इनव्हॉइसशी न जुळणारी प्रत्येक रक्कम तपासा.

फुकट नमुन्यांवर शून्य किंमत लिहू नका. पैसे घेतले नसले तरी कस्टम्ससाठी वस्तूला मूल्य असते.

विक्रीची अट, म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते ते, ठिकाण आणि आवृत्तीसह पूर्ण लिहा: एफसीए (माल ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराला देणे), अमुक टर्मिनल, इन्कोटर्म्स २०२० (अशा अटींचे आंतरराष्ट्रीय नियम). कंटेनरच्या मालाला एफओबी (माल जहाजावर चढवून देणे) लावण्याची सवय सोडलेली बरी. माल टर्मिनलला दिल्यापासून जहाजावर चढेपर्यंतची जोखीम त्यात विनाकारण विक्रेत्याकडे राहते. डीडीपी (विक्रेत्याने आयात शुल्क भरून माल पोहोचवणे) घेताना आयात देशात तुम्ही आयातदार म्हणून नोंदणी करू शकता का, हे आधी विचारा.

मूळ देश

माल जिथून निघाला तो देश आणि मालाचे मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्त व्यापार करारातली सवलत हवी असेल तर त्या करारातला त्या एचएस कोडसाठीचा नियम वाचा. कुठे शीर्षक बदलणे पुरते, कुठे स्थानिक मूल्याची ठरावीक टक्केवारी लागते. पुरवठादाराच्या मूळ-घोषणेची मुदत तक्त्यात टाका आणि ती संपण्याच्या ६० दिवस आधी आठवण येईल असे लावा. वाटेत तिसऱ्या बंदरात जहाज बदलणार असेल, तर माल तिथे कस्टम्सच्या ताब्याबाहेर गेला नाही हे दाखवणारे कागद लागू शकतात.

वजने: तीन आकडे, तीन अर्थ

बाटली ४४० ग्रॅम. ४०० खोक्यांचे निव्वळ वजन ४,४०० किलो. भरलेले खोके १२.५ किलो, म्हणून खोक्यांचे एकूण वजन ५,००० किलो. दहा पॅलेट प्रत्येकी २५ किलोचे, म्हणजे २५० किलो. आधाराचे लाकूड आणि पट्टे ३० किलो. रिकामा कंटेनर २,२०० किलो, हा आकडा कंटेनरच्या दारावरून घ्यायचा. सगळे मिळून ७,४८० किलो. हेच व्हीजीएम, म्हणजे सोलास या समुद्रातील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्याआधी द्यावे लागणारे पडताळलेले वजन. ते भरलेला कंटेनर काट्यावर नेऊन किंवा वरीलप्रमाणे घटक तोलून बेरजेने काढता येते. अंदाज चालत नाही.

घोटाळा नेहमी २५० किलोंवर होतो. पॅकिंग लिस्ट बनवणारा पॅलेट सोडून ५,००० लिहितो, फॉरवर्डर (वाहतुकीची व्यवस्था करणारा) पॅलेट धरून ५,२५० लिहितो, आणि दोन कागदांत फरक दिसला की तपासणीची चिठ्ठी लागते. पॅलेट एकूण वजनात धरायचे की नाही हे एकदा ठरवा आणि पॅकिंग लिस्टवर ते शब्दांत लिहा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का आहे का तेही पाहा. उष्णतेच्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सियस सलग ३० मिनिटे मिळावे लागतात. शिक्का नसेल तर उत्तम माल खराब पॅलेटमुळे परत जाऊ शकतो.

घोषणा पाठवताना

समुद्रमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या कंटेनरची माहिती परदेशी बंदरात तो जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी द्यावी लागते. युरोपीय संघाच्या आयसीएस२ या आगाऊ माहिती घेणाऱ्या कस्टम्स प्रणालीत आगाऊ माहितीबरोबर सहा अंकी एचएस कोड आणि नेमके वर्णन लागते. 'जनरल कार्गो', 'पार्ट्स', 'गिफ्ट' असे शब्द नाकारले जातात. 'स्टेनलेस स्टीलची निर्वात पाण्याची बाटली, ७५० मिली' असे लिहा. कंटेनर बंद व्हायच्या तीन दिवस आधी माहिती गोठवा. त्यानंतरचा बदल फक्त एका नेमलेल्या व्यक्तीच्या मंजुरीने व्हावा आणि तो ब्रोकर (कस्टम्सची घोषणा भरणारा), फॉरवर्डर, जहाज कंपनी तिघांना एकाच वेळी कळावा.

महिन्याला वीसेक खेपा असतील तर सरकारी पोर्टल, नीट बांधलेला तक्ता आणि चांगला ब्रोकर पुरतो. त्याहून जास्त असतील तर ईआरपीतून (कंपनीचे सगळे व्यवहार ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) थेट कस्टम्सला संदेश पाठवणारी जोडणी करा. निवडताना विक्रेत्याला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा: नाकारलेल्या संदेशाचा त्रुटी कोड वापरकर्त्याला कसा दिसतो, दरपत्रक बदलल्यावर किती दिवसांत अद्ययावत होते, आणि पाठवलेल्या घोषणेची मूळ प्रत कशी काढता येते. पडद्यावरच्या रंगीत नकाशांपेक्षा हे तीन मुद्दे कितीतरी महत्त्वाचे आहेत.

ज्यांच्याशी व्यापाराला बंदी आहे अशा निर्बंध यादीतली नावे ऑर्डर घेताना आणि माल निघण्याआधी, अशी दोनदा तपासा, कारण मधल्या काळात यादी बदलते. खरेदीदाराबरोबर अंतिम वापरकर्ता, बँक आणि जहाजही तपासा.

ब्रोकरने घोषणा भरली तरी बहुतेक देशांत जबाबदारी आयातदाराचीच राहते. प्रत्येक घोषणेची प्रत मागवा आणि कोड, मूल्य, मूळ देश, वजन हे चार रकाने मुख्य तक्त्याशी जुळवा. फरक सापडला तर स्वतःहून दुरुस्ती दाखल करा. अनेक देशांत स्वेच्छेने कळवलेल्या चुकीला दंड कमी लागतो, पण तपासणीची नोटीस आल्यावर ती सवलत मिळत नाही.

एचएस कोडची आवृत्ती बदलते तेव्हा वेगळी तयारी लागते. २०२२ च्या आवृत्तीत मोबाइल फोनचा ८५१७.१२ हा कोड गेला, स्मार्टफोनना ८५१७.१३ आणि इतर मोबाइलना ८५१७.१४ मिळाला. ज्यांच्या तक्त्यात 'स्मार्टफोन: हो की नाही' असा रकाना नव्हता, त्यांना प्रत्येक मॉडेल हाताने तपासावे लागले. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होते. तक्त्यात आत्ताच '२०२८ चा कोड' असा रिकामा रकाना जोडा, जुना कोड पुसू नका, आणि ज्या ओळींचा एक कोड दोन-तीन कोडांत विभागला जातो त्या आधी भरायला घ्या.