फोन घेताना बँडची यादी वाचा

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानात कुठलाही फोन पळतो, टॉवर जवळच असतो. खरी परीक्षा ठोसेघरच्या वाटेवर. एकाच कंपनीची सिमं घातलेले दोन फोन आम्ही तिथं शेजारी धरले: एकावर -१०४ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), दुसऱ्यावर -११५. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. ११५वाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा साधा फोटो गोल गोल फिरत बसला. रेंजच्या काड्या मात्र दोन्हीकडे दोनच! त्यांच्यावर जाऊ नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हा आकडा सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथं दिसतो.

चिप बघताना गेमिंगचा स्कोअर राहू द्या. तिच्यातला मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, किती जुना आहे ते विचारा आणि बँडची, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो त्याची, यादी वाचा. आपल्या डोंगरी भागात ७०० ते ९०० मेगाहर्ट्झवाले कामाचे: फोरजीचे ५ आणि ८, फाइव्हजीचा एन२८. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते, भिंतीतून आत शिरते. फाइव्हजीचाच जास्त फ्रिक्वेन्सीचा एन७८ वेगवान, पण टॉवरपासून लांब गेलं की दमतो. रेंज कमी असली की फोन जोर लावून टॉवरशी बोलतो, बॅटरी तिथंच संपते.

दुबईहून कुणी स्वस्तात फोन आणणार असेल तर आधी मॉडेल नंबर मागवा. तिकडच्या मॉडेलचे बँड वेगळे असू शकतात.