संरक्षण आदेश मोडला गेल्यास काय करावे?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याच्या कलम 18 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश सामनेवाल्याने (ज्याच्याविरुद्ध तो आदेश आहे त्याने) मोडला, तर कलम 31 नुसार त्याला एक वर्षापर्यंत कारावास, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अंतरिम संरक्षण आदेशालाही हेच कलम लागू असल्याने ‘अजून निकाल कुठे लागला आहे?’ ही सबब चालत नाही.

प्रथम आदेशाची प्रत काढून त्यातील नेमकी कोणती मनाई मोडली गेली ते पाहावे. मारहाण झालीच पाहिजे असे नाही. संपर्क साधण्यास मनाई असेल, तर रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘केस मागे घे’ एवढा संदेशही भंग ठरू शकतो. तो पुसू नये आणि केवळ स्क्रीनशॉटवर न विसंबता मूळ फोनही जपून ठेवावा.

खरी अडचण पोलीस ठाण्यात येते. कलम 32 प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तरीही ‘घरगुती भांडण आहे, एनसी करून देतो’ असे सांगून बोळवण होऊ शकते. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, म्हणून ती घेऊन परतू नये. लेखी तक्रारीत प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख, मोडलेली मनाई आणि घटनेची वेळ लिहून आदेशाची प्रत जोडावी, पोच घ्यावी व एफआयआरची प्रत विनामूल्य मागावी. नोंद नाकारल्यास तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. शिवाय संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेला अधिकारी) किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट नाही.

साक्षीदार नाही म्हणून अनेकजणी मागे हटतात. वास्तविक, केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढण्याची मुभा कलम 32 न्यायालयाला देते. अर्थात, ती साक्ष उलटतपासणीत टिकावी लागते, आणि त्यासाठी घटनेच्या दिवशीच केलेले टिपण फार उपयोगी पडते.

पोटगी थकल्यास मात्र कलम 31 वर भिस्त ठेवू नये, कारण ते त्यास लागू होते की नाही याबाबत उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. त्याऐवजी वसुलीचा अर्ज करावा. सामनेवाला नोकरदार असल्यास कलम 20 खाली त्याच्या पगारातून रक्कम थेट देण्याचा आदेश मालकाला देता येतो.