पीडीबी फाईल उघडत नाहीये? कन्व्हर्ट करायच्या आधी नोटपॅडमध्ये बघा

डॉकिंगचा (औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसतो ते कॉम्प्युटरवर बघायचा) प्रोजेक्ट करणाऱ्या एम.फार्मच्या मुलामुलींचे मला जे मेसेज येतात ते बहुतेक एकाच छापाचे असतात, पीडीबी फाईल (प्रोटीनसारख्या रेणूतल्या अणूंच्या जागा लिहिलेली टेक्स्ट फाईल) उघडत नाहीये किंवा उघडली पण स्क्रीनवर भलतंच दिसतंय, आणि तोपर्यंत त्यांनी ती फाईल तीन-चार ऑनलाईन कन्व्हर्टरमधून फिरवून आणलेली असते. ते आधी थांबवा प्लीज. प्रत्येक कन्व्हर्जनमध्ये काहीतरी माहिती गळू शकते आणि मग मूळ दोष कुठे होता ते सापडतच नाही.

पहिलं काम, मूळ फाईलची कॉपी बाजूला ठेवा आणि दुसरी कॉपी नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा. विंडोज एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे तुम्हाला पीडीबी वाटणारी फाईल खरं म्हणजे पीडीबी डॉट टीएक्सटी असू शकते, किंवा ती जीझिपने कॉम्प्रेस केलेली असते, किंवा डाऊनलोड करताना फाईलऐवजी वेबपेजच सेव्ह झालेलं असतं. प्रोटीन डेटा बँकेतून उतरवलेली पीडीबी फाईल हेडर या शब्दाने सुरू होते, एमएमसीआयएफ (त्याच माहितीचा नवा फॉरमॅट) डेटा अंडरस्कोरने, एसडीएफच्या (छोट्या रेणूंच्या फाईलच्या) शेवटी चार डॉलरची चिन्हं असतात. एवढं बघितलं तरी बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं. फोल्डरच्या नावात मराठी अक्षरं किंवा स्पेस असेल तर तेही बदलून बघा, डॉकिंगची जुनी टूल्स त्यावर अडतात.

आता समजा डेटा बँकेच्या साईटवर पीडीबी फाईल मिळतच नाहीये. तुमची चूक नाहीये ती. पीडीबी हा जुना फॉरमॅट, त्यात अणूंचे नंबर ९९,९९९ पर्यंतच बसतात आणि चेनच्या (स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक साखळीच्या) नावाला एकच अक्षर, त्यामुळे माणसाच्या रायबोसोमसारखं (४व्ही६एक्स) मोठं स्ट्रक्चर त्यात मावतच नाही. शिवाय लिगंडचे (प्रोटीनला चिकटलेल्या छोट्या रेणूंचे) तीन अक्षरी कोड संपले, आता नवीन लिगंडना पाच अक्षरी कोड मिळतात, तेही पीडीबीच्या रकान्यात बसत नाहीत. अशा वेळी एमएमसीआयएफ घ्या आणि सरळ कायमेराएक्स किंवा पायमॉल या स्ट्रक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, दोन्हीत चालते. पुढच्या टूलला पीडीबीच लागत असेल तर हवी तेवढीच चेन निवडून ती पीडीबी म्हणून सेव्ह करा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते रकान्यांचं प्रकरण, आणि हे नीट समजून घ्याच. पीडीबीत कॉमा नाही टॅब नाही, सगळं कॉलमच्या नंबरावर चालतं. अणूच्या जागेचा एक्स ३१ ते ३८, वाय ३९ ते ४६, झेड ४७ ते ५४, आणि मूलद्रव्याचं चिन्ह ७७-७८ मध्ये. एक्सेल किंवा वर्डमध्ये उघडून दोन ओळी उडवल्या आणि एक स्पेस कमीजास्त झाली की खेळ खलास. अल्फा कार्बन आणि कॅल्शियम दोघांचंही नाव सीए, फरक एवढाच की कॅल्शियमचं नाव १३व्या कॉलमपासून सुरू होतं आणि अल्फा कार्बनचं १४व्यापासून. माझ्या एका फाईलमध्ये नावं एक घर डावीकडे सरकली होती, ७७-७८ रिकामे होते, आणि पुढच्या टूलने सगळे अल्फा कार्बन कॅल्शियम धरून टाकले, दोन दिवस मी चार्जेस का जुळत नाहीत ते शोधत बसले होते. त्यामुळे हाताने एडिट करू नका, जे उडवायचंय ते पायमॉलमध्ये सिलेक्ट करून उडवा.

लिगंडचे डबल बॉंड गायब झालेत? पीडीबीत कोण कोणाला जोडलंय ते लिहिता येतं पण बॉंड सिंगल की डबल हे लिहायला जागाच नाही, सॉफ्टवेअर अंतरावरून अंदाज करतं. उदाहरणार्थ १एचएसजी हे स्ट्रक्चर घ्या, एचआयव्ही प्रोटीएज, त्यातल्या इंडिनावीर या औषधाचा कोड एमके१. तो पीडीबीतून कापून काढू नका, आरसीएसबीच्या (डेटा बँकेच्याच) साईटवरून त्याची एसडीएफ घ्या, तिच्यात बॉंड ऑर्डर लिहिलेली असते. पण बघा, तिथे आयडियल आणि इन्स्टन्स असे दोन प्रकार असतात, आयडियल घेतली तर लिगंड प्रोटीनच्या पॉकेटमध्ये न दिसता भलतीकडेच दिसेल. री-डॉकिंगची (तोच लिगंड परत डॉक करून मूळ जागेशी) तुलना करायची असेल तर इन्स्टन्सच घ्या.

व्हिना या डॉकिंग प्रोग्रॅमची पीडीबीक्यूटी फाईल पायमॉल थेट उघडतं, कन्व्हर्ट करायची गरज नाही, सगळ्या पोझ (लिगंड बसण्याच्या वेगवेगळ्या स्थिती) एकाच ऑब्जेक्टमध्ये येतात आणि खालच्या बाणाने पुढेमागे बघता येतात. हायड्रोजन कमी दिसले तर घाबरू नका, कार्बनवरचे हायड्रोजन तयारी करतानाच मिसळून टाकलेले असतात.

सिम्युलेशनवाल्यांनी (अणूंची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघणाऱ्यांनी) दोन गोष्टी तपासा. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरची ग्रो फाईल नॅनोमीटरमध्ये असते आणि पीडीबी अँगस्ट्रॉममध्ये, स्वतःच्या स्क्रिप्टने ग्रोची पीडीबी करत असाल तर दहाने गुणायला विसरू नका. आणि एक्सटीसी या ट्रॅजेक्टरीच्या (क्षणाक्षणाच्या हालचालीच्या) फाईलमध्ये फक्त जागा असतात, अणूंची नावं नाहीत, त्यामुळे ट्रॅजेक्टरीतून पाणी काढलंत तर व्हीएमडी या बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोबत उघडायच्या स्ट्रक्चरमधूनही पाणी काढावं लागतं, दोन्हीकडे अणूंची संख्या तंतोतंत जुळायला हवी.

राहिली पायमॉलची सेशन फाईल. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली जुन्यात उघडेलच असं नाही, म्हणून गाईडना पाठवताना सोबत मूळ एमएमसीआयएफ आणि लिगंडची एसडीएफ पण जोडा, म्हणजे त्यांच्याकडे कुठलंही व्हर्जन असलं तरी निदान स्ट्रक्चर उघडता येईल.