कामावर अपघात झाला? भरपाई आणि दवाखान्याच्या बिलांत या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची कामगार कायद्याची कामं बघतो. प्रेस शॉप (दाबयंत्रावर पत्रा कापणारे-वाकवणारे कारखाने), फॅब्रिकेशन, प्लास्टिक मोल्डिंग. या शेडांमध्ये बोटं जातात, आणि मग मला फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, एक छोटासा मॅटर झालाय." ज्याचं बोट गेलं त्याच्यासाठी तो छोटा नसतो. आणि पहिल्या दोन दिवसांत जो घोळ घालून ठेवलेला असतो, त्यानं तो मालकासाठीही छोटा राहत नाही. तोच घोळ पुन्हा पुन्हा निस्तरून मी खरंच थकलो आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या केस पेपरवर खोटं कारण लिहून घेणं

बाकी सगळ्या चुका एका बाजूला आणि ही एका बाजूला. हिच्याबद्दल सविस्तरच सांगतो.

भोसरीत सात माणसांचं एक प्रेस शॉप होतं. दहापेक्षा कमी माणसं, म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना, लागू नव्हती. मालक माणूस म्हणून चांगला. पदरचे पैसे भरून त्यानं कामगार भरपाईची विमा पॉलिसी घेतलेली होती, दरवर्षी न चुकता हप्ता भरायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत एका ऑपरेटरचा डावा अंगठा प्रेसखाली मुळापासून गेला. पोरगा तीस वर्षांचा, जिंतूर तालुक्यातला. मालकानं स्वतःच्या गाडीत घालून त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर विचारलं, "कसं झालं?" मालक बोलून गेला, "गावी कडबाकुट्टीत हात गेला."

का, तर पोलीस येतील, फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, मशीन सील होईल. ही भीती मी शेकडो चेहऱ्यांवर बघितली आहे.

मला तिसऱ्या दिवशी बोलावलं. तो केस पेपर मी हातात घेतला. डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती: गावी कडबाकुट्टीमुळे इजा. आणि वरच्या कोपऱ्यात वेळ: सकाळी ११.५०. इकडे शॉपच्या प्रॉडक्शन रजिस्टरमध्ये त्याच दिवशी ११ वाजेपर्यंतचे नग आणि समोर त्याच पोराची सही. जिंतूरहून भोसरीला यायला अख्खी रात्र एसटीत जाते. पन्नास मिनिटांत तिकडे हात तुटून माणूस इकडे दाखल झाला, असं त्या दोन कागदांचं म्हणणं होतं.

मी मालकाला म्हणालो, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना लेखी द्या की कारण चुकीचं सांगितलं गेलं, आणि विमा कंपनीला अपघाताची खबर द्या. तो म्हणाला, "थांबा हो, पोरगा काही बोलणार नाही." मग कुणाच्या तरी सल्ल्यानं ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं: ५० हजार मिळाले, पुढे कसलीही मागणी नाही. डाव्या हाताला बँडेज असलेल्या माणसानं उजव्या हातानं सही केली. या कागदाला कायद्यात किंमत शून्य. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरतो, आणि तडजोड केलीच तर ती कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोटरीचा शिक्का मारून ती पक्की होत नाही.

आठ महिन्यांनी तो पोरगा वकील घेऊन आला. हिशेब असा: पगार १८,०००, पण ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगाराची मर्यादा १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. वयाप्रमाणे कायद्यात दिलेला तिसाव्या वर्षाचा गुणांक २०७.९८. म्हणजे पूर्ण कायम अपंगत्वाचे १८,७१,८२०, आणि कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. पॉलिसी होती, खबर वेळेत दिली असती तर विमा कंपनीनं भरून विषय संपला असता. कंपनीनं मात्र तो केस पेपर काढून दाखवला. अपघात गावी झाला, आमचा संबंध काय?

पुढची तीन वर्षं त्या एका ओळीवर गेली. शेवटी रजिस्टर आणि केस पेपरवरची वेळ पोराच्या बाजूनं उभी राहिली. भरपाई आणि १२ टक्के व्याज विमा कंपनीवर बसलं. उशिराचा दंड मात्र मालकाच्या खिशातून गेला, कारण व्याज विमा कंपनीचं आणि दंड मालकाचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. दंड ५० टक्क्यांपर्यंत लावता येतो. इथे २० टक्के लागला, म्हणजे १ लाख १२ हजार. आणि तीन वर्षं तो पोरगा अंगठ्याशिवाय, नोकरीशिवाय तारखा करत होता. मला आजही राग याचा येतो.

माझ्या सगळ्या पार्ट्यांना मी आता एकच सवय लावली आहे. दवाखान्यात कारण विचारलं की खरं सांगायचं: कुठल्या मशीनवर, किती वाजता, काय करताना. डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करत असतील तर करू द्यायची. आणि दवाखान्याच्या दारातून बाहेर पडायच्या आधी केस पेपरचा फोटो काढून मला पाठवायचा. कारण चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यायचं. आठवड्यानंतर केलेल्या दुरुस्तीकडे सगळेच संशयानं बघतात, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

दवाखान्याचा खर्च म्हणजेच भरपाई असं समजणं

त्याच मालकानं दवाखान्याचे ८६ हजार भरले होते आणि ते भरपाईतून वजा करा म्हणून हट्ट धरला होता. असं होत नाही. कामावरच्या इजेचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकानं द्यायचा, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीनं आली आणि १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली. ती भरपाईशिवाय वेगळी आहे. "मी त्याचा एवढा खर्च केला" हे वाक्य माणुसकी म्हणून ठीक आहे, हिशेबात त्याचा उपयोग नाही.

उलट बाजूनं कामगार आणि त्यांच्या घरचे बिलंच ठेवत नाहीत. ॲडमिट असतानाचं मोठं बिल असतं, पण नंतरचं ड्रेसिंग, एक्स-रे, फिजिओथेरपी, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या यांचं काहीच नसतं. इजा बरी व्हायला चार महिने लागतात आणि खरा पैसा तिथे झिरपतो. मी एक पारदर्शक फोल्डर देतो आणि सांगतो: तारखेप्रमाणे लाव, प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी. बिलावर पेशंटचं पूर्ण नाव हवं, कच्च्या चिठ्ठीवरचा आकडा चालत नाही. रॉड किंवा प्लेट बसवली असेल तर तिचा स्टिकर आणि वेगळं बिल मागून घ्यायचं. मालक पैसे भरणार असेल तर चेकनं किंवा यूपीआयनं भरावे, पण बिल पेशंटच्याच नावाचं असावं. रोख दिलेल्या पैशांवर पुढे दोन्ही बाजू भांडतात.

अपघातानंतर ईएसआयची नोंदणी करणं

ही माझी दुसरी दुखरी नस. युनिटला ईएसआय लागू आहे, माणूस तीन तारखेला कामाला लागलाय. एचआरला बसलेला नवा पोरगा म्हणतो, "टिकतोय का बघू, मग महिन्याच्या शेवटी एकदम सगळ्यांचं करू." नऊ तारखेला हात अडकतो आणि दुपारी दोन वाजता घाईघाईनं नाव चढवलं जातं. ईएसआयच्या ऑफिसात हे लगेच दिसतं. नोंदणीची वेळ आणि अपघाताची वेळ शेजारी ठेवली की प्रश्न सुरू होतात: हजेरी दाखवा, मस्टर दाखवा, नेमणुकीचं पत्र दाखवा. काही जण तेव्हा मस्टर नव्यानं लिहायला बसतात. कृपा करून हे करू नका. एका जागी पेन बदललेलं मस्टर मी स्वतः तपासणीत पकडलं गेलेलं बघितलंय.

नेमणुकीपासून दहा दिवसांची मुदत मिळते म्हणून ती पुरी वापरायची नसते. माझ्याकडे नियम असा आहे की नोंदणीचा नंबर आल्याशिवाय माणूस मशीनला हात लावत नाही. आधार आणि बँक पासबुक घेऊन बसलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. या अर्ध्या तासाचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांना मी सरळ सांगतो की प्रेस शॉपच्या एचआरमध्ये राहू नका.

नोंदणी राहिली म्हणून कामगाराचा हक्क मात्र जात नाही. कामावरच्या इजेच्या लाभाला आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि मालकाच्या कसुरीमुळे ईएसआय महामंडळाला भुर्दंड पडला तर वसुली मालकाकडून होते. ज्याला ईएसआय लागू आहे त्याला त्याच इजेसाठी पुन्हा कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही, तेव्हा कामगार न्यायालयात धावायच्या आधी पगाराच्या पावतीवर ०.७५ टक्क्यांची कपात दिसते का ते बघा. चुकीच्या दारात दोन वर्षं घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

अजून एक. ईएसआयवाल्या माणसाला तातडीत जवळच्या खासगी दवाखान्यात नेणं बरोबरच आहे, जीव आधी. पण ते बिल जसंच्या तसं परत मिळेल असं धरू नका. परतफेड ठरलेल्या दरानं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरानं होते. खासगीचं बिल त्याच्यापेक्षा बरंच जास्त असतं, आणि फरकाचं ओझं कामगारावर टाकलेलं मला पटत नाही. पेशंट सावरला की ईएसआयच्या दवाखान्यात कळवा, त्यांच्याकडे किंवा त्यांनी जोडलेल्या दवाखान्यात हलवता येतं का विचारा, आणि तातडी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात घ्या.

टक्क्यांचा घोळ

डॉक्टरांनी लिहिलेलं शारीरिक अपंगत्व आणि कमावण्याची क्षमता गेल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७६ चा प्रताप नारायण सिंह देव यांचा निकाल प्रत्येकानं लक्षात ठेवावा. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याचं नुकसान १०० टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. त्याच निकालात हेही ठरलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, कोर्टाच्या निकालापासून नव्हे. म्हणून प्रमाणपत्र घ्यायला जाताना मी डॉक्टरांसाठी एक पान लिहून देतो: हा माणूस काय काम करतो, कुठला हात कशाला लागतो, आता काय जमत नाही. नुसती बोटं दाखवून टक्के आणले की परिशिष्टातला आकडा छापून मिळतो, आणि वेल्डर, ड्रायव्हर, टर्नर सगळे एकाच मापात मोजले जातात.

थोडक्यात

"तो ठेकेदाराचा माणूस आहे" हे उत्तर चालत नाही. काम तुमच्या धंद्याचं असेल तर आधी भरपाई तुम्ही द्यायची, मग ठेकेदाराकडून वसूल करायची.

चूक कामगाराची होती, त्यानं मशीनचा सुरक्षा गार्ड काढला होता, असं म्हणून मृत्यूच्या किंवा पूर्ण कायम अपंगत्वाच्या केसमध्ये सुटका होत नाही.

दाव्याची मुदत दोन वर्षं. गावी जाऊन बसलेल्या कामगाराला हे कुणीतरी फोन करून सांगा.

मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम विधवेच्या हातात रोख देऊ नका. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल घरच्यांना देता येते, ती जरूर द्या, त्याच दिवशी द्या; अंत्यविधीच्या खर्चाची कायद्यातली रक्कम मात्र आयुक्तांकडेच जमा करायची. एका मालकानं चार लाख दिराच्या हातात दिले होते. त्या बाईला त्यातले वीस हजार दिसले, आणि मालकाला पुढे पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागली.

आणि आता नवीन घोळ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. घर ते कामाची जागा या वाटेवरचा, कामाशी संबंध जोडता येणारा अपघातही तिच्यात धरला आहे. त्या तारखेआधीचा अपघात जुन्या कायद्यानं चालतो. तरी टायपिस्टकडे पडलेला जुना नमुना उचलून नावं बदलून अर्ज दाखल होताना मी बघतोय, आणि काही उत्साही मंडळी २०२३ च्या अपघाताला संहितेची कलमं लावतायत. मी फाइल उघडली की आधी कव्हरवर लाल पेनानं अपघाताची तारीख लिहितो, तिच्याखाली कायद्याचं नाव, आणि मगच टाइप करायला देतो.