पृष्ठभागाचे तापमान मोजताना मी केलेली चूक

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात वाफेच्या लाइनचा उष्णताक्षय मोजण्याचे माझे पहिले काम ऐन जुलैच्या पावसात आले. गेजवर दर चौरस सेंटीमीटरला सात किलोचा दाब होता, म्हणजे संपृक्त वाफ (उकळत्या पाण्याच्याच तापमानाची वाफ, जिचे तापमान दाबावरूनच ठरते) सुमारे 170 अंश सेल्सिअसची असायला हवी होती. लॅगिंग, म्हणजे पाइपावरचे उष्णतारोधक आवरण, काढलेल्या जागी मी चिकटवलेले के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला तापमापक) मात्र 148 दाखवत होते. मी आधी गेजवर संशय घेतला, मग लाइनमध्ये साचलेले पाणी बाहेर काढणाऱ्या स्टीम ट्रॅपवर, आणि अहवालाच्या मसुद्यात ‘दाब अपुरा’ असे लिहूनही टाकले. “साहेब, गेज मागच्याच महिन्यात बदललाय,” असे बॉयलर अटेंडंटने शांतपणे सांगितले, तेव्हा माझी नजर प्रथमच तारेकडे गेली.

तार मी सांध्यापासून, म्हणजे थर्मोकपलच्या जोडलेल्या टोकापासून, सरळ बाहेर काढून हवेत लोंबती सोडली होती. थर्मोकपल पाइपाचे नव्हे, स्वतःच्या सांध्याचे तापमान सांगते, हे पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. पण धातूची तार सांध्यातील उष्णता सतत बाहेर वाहून नेते आणि सांध्याखालच्या हवेच्या पातळ थरातून ती तूट भरून येत नाही, हे हाताने केल्याशिवाय उमगत नाही. तार जितकी जाड, संपर्क जितका कच्चा आणि बाहेर वारा जितका जास्त, तितका सांधा थंड. शंभर वेळा वाचन घेऊन सरासरी काढली तरी ही चूक तसूभरही कमी होत नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकते.

माझ्याजवळ थर्मोकपलच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे प्रमाणित तापमानाशी ताडून पाहिल्याचे, प्रमाणपत्र होते आणि त्याच्याच भरवशावर मी निर्धास्त होतो. कॅलिब्रेशनच्या वेळी मात्र टोकासह बरीचशी तार द्रवात बुडालेली असते, त्यामुळे तारेतून होणारी गळती तिथे दिसतच नाही. साध्या के-टाइपची मान्य चूक ±2.2 अंश, माझी बसवण्यातली चूक वीस अंशांची. ‘चुकीपोटी दोन टक्के सोडून दे’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांचे मी आता ऐकत नाही.

उपाय अवघड नाही, त्यामुळे धास्तावू नका. बारीक तार घ्या, ती सांध्यापासून निदान दहा-पंधरा सेंटीमीटर पाइपालाच चिकटवून न्या, संपर्काला उष्णतावाहक पेस्ट लावा आणि वर लॅगिंगचा तुकडा बांधा.

पृष्ठभागातून येणाऱ्या प्रारणावरून, म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून, लांबूनच तापमान सांगणाऱ्या इन्फ्रारेड गनचा झटपट मार्ग मला मनापासून नापसंत आहे. क्लॅडिंगच्या, म्हणजे लॅगिंगवरच्या पत्र्याच्या, चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता (प्रारण सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त 1) 0.1च्या आसपास असते; गन 0.95 वर ठेवली, तर ती बहुतांशी समोरच्या भिंतीचे प्रतिबिंब मोजते. पत्रा फार तापलेला नसेल, तर काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावून गन तिच्यावर रोखावी.

त्याच पत्र्यावर उष्णताप्रवाहाची चकती (पृष्ठभागातून किती उष्णता बाहेर जाते ते मोजणारी पातळ चकती) लावली की उलटा घोळ होतो. चकतीचा प्लास्टिकचा पृष्ठभाग पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त प्रारण सोडतो, म्हणून ती आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा जास्त प्रवाह दाखवते. तिच्यावर त्याच पत्र्यासारखी फॉइल लावावी लागते. लॅगिंग नसलेल्या उघड्या गरम पृष्ठभागावर मात्र चकतीचा स्वतःचा उष्णतेला होणारा रोधच प्रवाह अडवतो आणि वाचन कमी येते. लॅगिंगवर या रोधाचा फरक किरकोळ असतो, कारण तिथे लॅगिंगचाच रोध मोठा असतो.

दुसऱ्या दिवशी तार नीट बांधल्यावर थर्मोकपलने 167 दाखवले. उरलेले तीन अंश मी गेज आणि थर्मोकपल यांच्या मान्य चुकीत धरले, तसे अहवालात लिहिले आणि ‘दाब अपुरा’ हा शेरा खोडला.