'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा? अलंकार ओळखताना या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की मुंबईतल्या क्लासेसमध्ये एक तक्ता हातोहात फिरतो. 'सारखा, सम, प्रमाणे' म्हणजे उपमा, 'जणू, गमे, भासे' म्हणजे उत्प्रेक्षा, 'नव्हे' म्हणजे अपन्हुती. तक्ता खोटा नाही. पण तो पाठ झाला की मुलं ओळ वाचतच नाहीत, शब्द हुडकतात.

'दादरसारख्या स्टेशनात चुकामूक व्हायचीच.' यात उपमा नाही; 'सारख्या'ने नुसतं उदाहरण दिलंय. 'तिची छत्री माझ्या छत्रीसारखी आहे' यातही नाही, ती साधी माहिती झाली. उपमेला दोन भिन्न वस्तू लागतात आणि त्यांच्यातला एखादा समान धर्म, म्हणजे सारखा गुण, लागतो. 'ही विरार नव्हे, बोरिवली लोकल आहे' याला अपन्हुती म्हणाल, तर प्लॅटफॉर्मवरची प्रत्येक घोषणा काव्य ठरेल!

आधी विचारा, बोलणं कशाबद्दल चाललंय? ते उपमेय. त्याला कशाची जोड दिलीय? ते उपमान. ही दोन नावं उलटी लिहिणारे पुष्कळ. मग त्या दोघांचं नातं बघा. संध्याकाळची चर्चगेटची गर्दी हे उपमेय आणि समुद्र हे उपमान घेऊन एकच कल्पना फिरवू.

'गर्दी समुद्रासारखी उसळली' ही उपमा. दोन्ही वेगळे, साम्य तेवढं दाखवलं. 'गर्दी जणू समुद्रच' म्हटलं की गर्दी समुद्रच असावी अशी कल्पना केली, म्हणून उत्प्रेक्षा. 'गर्दीच्या समुद्रात शिरलो' यात 'जणू' गळालं, दोन्ही एकरूप झाले, म्हणून रूपक. 'ही गर्दी नव्हे, समुद्रच' इथे उपमेयच नाकारलं, ही खरी अपन्हुती. 'समुद्राला ओहोटी तरी लागते, या गर्दीला तीही नाही' यात उपमेय उपमानावर मात करतं, तो व्यतिरेक. 'ही गर्दी की समुद्र?' हा ससंदेह. आणि कुणी खरोखरच समुद्र समजून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तर भ्रांतिमान. शेवटच्या दोहोंत नेहमी गल्लत होते: ससंदेहात मन घुटमळतं, भ्रांतिमानात चुकीची समजूत पक्की होऊन तशी कृतीही घडते.

'मुंबईसारखी मुंबईच' यात 'सारखी' असूनही उपमा नाही. दुसरं उपमान सापडतच नाही, म्हणून अनन्वय.

श्लेष आणि यमक यांचा घोळ त्यामानाने सोपा. 'परीक्षा असो की लोकल, पास नसेल तर पुढे जाता येत नाही.' शब्द एकदाच आला, अर्थ दोन निघाले, म्हणून श्लेष. तेच अक्षर किंवा अक्षरसमूह ठरावीक जागी पुन्हा वेगळ्या अर्थाने आला, तर यमक.

खरे मार्क जातात ते वृत्तात, म्हणजे लघू (आखूड) आणि गुरू (लांब) अक्षरांच्या ठरावीक क्रमात, तेही जोडाक्षरापाशी. ही माझीच ओळ घ्या:

सकाळी भरे गच्च गाडी विरारी

'गच्च'मधला 'ग' ऱ्हस्व दिसतो, म्हणून त्यावर लघूची खूण पडते आणि पुढचे गण (तीन-तीन अक्षरांचे गट) कोलमडतात. 'च्च'चा आघात (उच्चाराचा जोर) मागच्या 'ग'वर येतो, त्यामुळे 'ग' गुरू. 'च्च' मात्र लघू. अर्ध्या 'च्'ला वेगळं अक्षर मोजायचं नाही. आता तीन-तीन अक्षरं पाडा: सकाळी, भरेग, च्चगाडी, विरारी. प्रत्येक वेळी लघू-गुरू-गुरू, म्हणजे चार 'य' गण, 12 अक्षरं. वृत्त भुजंगप्रयात.

पण हाच नियम डोळे मिटून लावू नका. 'पुन्हा', 'तुझ्या', 'तुम्ही' मोठ्याने म्हणून पाहा. इथे आघात येत नाही, म्हणून 'पु' आणि 'तु' लघूच राहतात. चरणातलं शेवटचं अक्षर मात्र ऱ्हस्व असलं तरी लांबवून म्हणतात, म्हणून ते गुरू धरायचं.